पाण्याबाहेरची नदी

१८३९ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात दख्खनमधल्या माशांची एक यादी प्रसिद्ध झाली. ती करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारसाठी माहिती गोळा करत दख्खनभर हिंडलेले अधिकारी. नव्या माशांची शास्त्रीय नावे ठेवताना त्यांनी अनेकदा इथल्या लोकांच्या तोंडची नावेच उचलली. शिंगाळ्याचा ‘सीनघाला’ झाला, नकट्याचा ‘नुक्ता’ आणि मळ्याचा ‘मुल्या’. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला महाशीर ‘खुद्री’ या नावाने शास्त्रात गेला. पुढे १८७२ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी मऊ पाठीच्या एका कासवाचे वर्णन केले, तेही पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते लीथचे कासव म्हणून ओळखले जाते. १९३८ मध्ये सुंदरलाल होरा यांनी मुळा-मुठेतल्या एका छोट्या, दगडाला चिकटून राहणाऱ्या माशाला थेट शहराचेच नाव दिले: ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. एक महाशीर, एक कासव आणि बोटाएवढा एक मासा. जगातल्या कोणत्याही प्राणिसूचीत या तिघांचे मूळ गाव पुणे असेच लिहिलेले सापडेल. त्या गावात मात्र त्यांना राहायला जागा जवळजवळ उरलेली नाही. ही जागा कशी गेली आणि तिच्याबरोबर आणखी काय काय गेले, हा या संग्रहाचा विषय आहे.

विषय निघाला की एक उत्तर तयार असते: सांडपाणी. ते खरेच आहे. धरणांतून सोडलेले पाणी पावसाळ्यानंतर थांबते आणि वर्षाचे कित्येक महिने शहरातल्या पात्रात जे वाहते, त्यात मैलापाण्याचा वाटा मोठा असतो. पण या उत्तरात एक सोय दडलेली आहे. दोष पाण्याचा ठरला की इलाज नळाच्या टोकाशी संपतो. शुद्धीकरण केंद्रे बांधा, वाहिन्या टाका, नदी परत येईल. दुसरा प्रश्न मग कोणी विचारत नाही: पाणी स्वच्छ झाले तर मासा परत कुठे येणार? ‘अतिक्रमण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काठावरची पत्र्याची घरे उभी राहतात. प्रत्यक्षात नदीची जागा सर्वाधिक खाल्ली ती नकाशावर मंजूर झालेल्या गोष्टींनी. राडारोड्याचा भराव, पात्रातला रस्ता, वाहनतळ, भिंतीमागची बाग, ओढ्यावरचा स्लॅब. यांतल्या बहुतेकांना कोणी अतिक्रमण म्हणतही नाही. माझे म्हणणे असे आहे की शहरातल्या नदीचे जीवन पाण्याइतकेच पाण्याबाहेरच्या जागेवर उभे असते. म्हणून ही जागा जाणे हे प्रदूषणाच्या मागून येणारे दुय्यम दुखणे नाही. प्रदूषण उलटवता येते. भरलेले पात्र उलटवणे त्याहून कितीतरी अवघड.

हे समजायला परकी परिभाषा लागत नाही, आपली भाषा पुरते. डोह, धार, खळाळ, उतार, कपार, थडी, मळई, बेट, पुळण असे किती शब्द नदीच्या वेगवेगळ्या भागांसाठी आपल्याकडे आहेत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात होणाऱ्या शेतीला गाळपेर म्हणतात, म्हणजे जमीन आणि नदी एकाच जागी आळीपाळीने नांदतात हे त्या शब्दातच गृहीत आहे. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर निघालेले मासे ‘चढणीचे’, आणि कोकणात त्यांच्या शेतापर्यंत येण्याला ‘वलगण’. हे शब्द बनवणाऱ्यांना ठाऊक होते की नदीला ठरलेली रुंदी नसते. सह्याद्रीच्या उतारावरच्या नद्यांच्या बाबतीत तर हे फारच खरे. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, त्यामुळे आषाढातली नदी आणि वैशाखातली नदी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बेसाल्टच्या पात्रात आलटून पालटून खडकाळ उतार आणि खोल डोह येतात. पुरात पाणी थडीवर चढून पसरते, उन्हाळ्यात डोहात आकसते. इथले जलचर या आकसण्या-पसरण्याला धरूनच घडले आहेत. अभियंत्याच्या आराखड्यात मात्र हीच रुंदी वर्षातले आठ-दहा महिने ‘रिकामी’ दिसते. रिकामी दिसणारी जागा शहरात फार काळ रिकामी राहत नाही.

आता त्या तिघांकडे वळू, कारण प्रत्येकजण नदीच्या एकेका भागाची साक्ष देतो. पूनाएन्सिसच्या छातीखाली कातडीच्या घड्यांची एक गादी असते. तिच्या जोरावर तो वेगाच्या पाण्यात दगडाला धरून राहतो. त्याला हवा खळाळ: उथळ, गोट्यांचे तळ असलेले, फेसाळत जाणारे, प्राणवायूने भरलेले पाणी. पात्रात भराव पडला आणि दोन्हीकडून भिंती आल्या की खळाळाचे दोन प्रकारे मरण ओढवते. पुरात तेवढेच पाणी कमी रुंदीतून जाऊ लागते, त्याचा वेग आणि खोली वाढते, तळाचे गोटे-वाळू खरवडून निघते आणि माशाला बाजूला सरकून दम खायला शांत पाणी उरत नाही. इतर वेळी, नदी ‘भरलेली दिसावी’ म्हणून घातलेल्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबते, गाळ बसतो, दगडांवर बुळबुळीत थर चढतो आणि खळाळाचे तळे होते. गोट्यांखाली राहणाऱ्या किड्यांच्या अळ्या जातात आणि त्यांच्या जागी गाळात, कमी प्राणवायूत तगणाऱ्या लाल अळ्या येतात. माशाचे अन्नच बदलते. छातीखालच्या गादीचा मग काहीच उपयोग नसतो, कारण धरायला दगड नाही आणि झुंजायला धार नाही.

लीथचे कासव साक्ष देते ती काठाची. आयुष्य पाण्यात काढणाऱ्या या प्राण्याला अंडी घालायला मात्र जमीनच लागते, पाण्यापासून चालत जाता येईल अशी मऊ मातीची. उभ्या भिंतीच्या पायथ्याशी पोहोचलेल्या मादीसाठी नदी तिथेच संपते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हे कासव आज अतिसंकटग्रस्त आहे. त्यामागे शिकारीसारखी इतरही कारणे आहेत, पण ज्याला काठच उरला नाही त्या प्राण्याला बाकीच्या कारणांतून वाचवून तरी काय साधणार? काठावर अवलंबून असणारे ते एकटे नाही. मरळीची जोडी कडेच्या उथळ, गवताळ पाण्यात पिल्ले वाढवते आणि त्यांची राखण करते. वाम मुळांच्या जाळीत आणि कपारीत दडते. वाळुंज, शेरणी, करंज, उंबर ही काठाची झाडे पाण्यावर सावली धरतात, त्यांच्या पाल्यावर किडे पोसतात आणि किड्यांवर मासे. गोड्या पाण्यातले शिंपले कडेच्या वाळू-गाळात रुतून पाणी गाळत असतात. त्यांची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. त्यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहिल्याशिवाय वाढत नाहीत. म्हणजे कडेचा गाळ उपसला की शिंपला जातो, आणि मासा गेला की उरलेल्या शिंपल्यांचा वंश पुढे जात नाही. या सगळ्यांखाली आणखी एक अदृश्य देवघेव चालते. पावसाळ्यात नदी काठच्या जमिनीत पाणी मुरवते आणि पुढे तेच पाणी झिरपत परत येऊन डोह जिवंत ठेवते. काँक्रीटचा काठ ही वाट बंद करतो आणि उन्हाळ्यातल्या डोहाला बाहेरच्या पाण्यावर जगायला लावतो.

महाशीराची साक्ष ओढ्यांची आहे. हा दूरचा प्रवासी मासा. पावसाळ्यात तो स्वच्छ, गोट्यांच्या तळाच्या पाण्याकडे वर चढतो आणि तिथे अंडी टाकतो. मुठेवर १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण उभे राहिले, पुढे वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर आले, आणि त्याची वरची वाट बंद झाली. मग उरले शहराच्या हद्दीत नदीला मिळणारे प्रवाह: आंबील ओढा, नागझरी, रामनदी, देवनदी, भैरोबा नाला. एखादा ओढा किती लहान आहे यावरून आपण त्याची किंमत करतो. माशांच्या दृष्टीने लहान असणे हेच त्याचे मोल. मुख्य पात्रात पुराचा लोंढा असताना पिल्लांना आसरा तिथेच मिळतो, आणि मुख्य पात्र नासले तर पुन्हा वस्ती करायला जीव तिथूनच येतात. हे प्रवाह आपण वळवले, अरुंद केले, त्यांच्यावर स्लॅब टाकले आणि मग त्यांना ‘नाला’ म्हणू लागलो. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याला आलेल्या पुरात माणसे गेली, तेव्हा त्या ओढ्याची मूळ रुंदी शहराला आठवली. ज्या आकुंचनाने माणसे बुडाली, त्यानेच मासे आधी घालवलेले होते. फरक इतकाच की माशांच्या जाण्याची बातमी झाली नाही.

हे सारे तर्काने रचलेले चित्र आहे असे कोणी म्हणू नये म्हणून पुण्याचे एक भाग्य सांगितले पाहिजे: इथल्या माशांची नोंद पावणेदोनशेहून अधिक वर्षे होत आली आहे. साइक्सनंतर फ्रेझर यांनी १९४२ मध्ये, तोनापी आणि मुल्हेरकर यांनी १९६३ मध्ये आणि २००३ मध्ये आणखी काही अभ्यासकांनी मुळा-मुठा व जिल्ह्यातल्या इतर पाण्यांतले मासे मोजले. या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की दिशा स्पष्ट दिसते. खडकाळ, वाहत्या पाण्याचे आणि काठाचे देशी मासे एकेक करून गळत जातात आणि बाहेरून आणलेले मासे यादीत शिरतात. डासांसाठी सोडलेला गप्पी आणि गँबूसिया, मत्स्यशेतीतून निसटलेला आफ्रिकन मांगूर, आणि भीमेवरचे भोई ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया. त्यामुळे पुलावरून डोकावून ‘मासे तर आहेतच की’ म्हणणाऱ्याची फसगत होते. तुंबलेल्या, कोमट, कमी प्राणवायूच्या पाण्यात चिलापी मजेत वाढतो. माशांची संख्या नदीची प्रकृती सांगत नाही; कोणते मासे आहेत, हे सांगते. आणि हा बदल शहराच्या वेशीवर थांबत नाही. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयाला, आणि तिथली मासेमारी हजारो घरे चालवते. पुण्यात काठ आणि खळाळ जे शुद्धीकरण फुकट करत होते, ते न झालेले पाणी जलपर्णीच्या रूपाने खाली पोहोचते.

या मांडणीवर पहिला आक्षेप प्राधान्याचा आहे: मैलापाणी आधी थांबवा, जागेचे नंतर पाहू. मैलापाणी थांबलेच पाहिजे, यात वाद नाही. वाद ‘नंतर’ या शब्दाशी आहे. शुद्धीकरण केंद्र दहा वर्षांनी बांधले तरी चालते, फक्त दहा वर्षांचे नुकसान होते. पात्रात घातलेला भराव, त्यावरचा रस्ता, रस्त्यामुळे वाढलेले जमिनीचे भाव आणि त्या भावाने आलेल्या इमारती मात्र दहा वर्षांनी हलत नाहीत. विठ्ठलवाडीजवळ पात्रात भराव घालून केलेला रस्ता काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिला. असा आदेश मिळवायला नागरिकांना किती झगडावे लागते आणि तो किती विरळा असतो, हे पाहिले की ‘नंतर’चा अर्थ व्यवहारात ‘कधीच नाही’ असा होतो. शिवाय स्वच्छ पाण्याचा गुळगुळीत कालवा म्हणजे नदी नव्हे. पोहण्याचा तलावही स्वच्छ असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शहराला जागा हवी, रस्ते हवेत, मेट्रो हवी; आणि काठावर राहणारा गरीब माणूस माशासाठी उठवायचा का? या प्रश्नात दोन वेगळ्या माणसांची सरमिसळ आहे. पूरक्षेत्रात झोपडी बांधणारा तिथे राहतो कारण शहराने त्याच्यासाठी दुसरीकडे जागा ठेवली नाही. पुरात पहिला बुडतो तोच. त्याचे सन्मानाने पुनर्वसन हे नदीच्या आणि त्याच्या, दोघांच्याही हिताचे आहे, पण नदीचे नाव पुढे करून फक्त त्यालाच उठवणे आणि त्याच जागी नंतर बाग किंवा वाहनतळ करणे हा न्यायही नाही आणि संवर्धनही नाही. रस्ता आणि इमारत यांच्यापुढे मात्र पर्याय असतात. ते नदीकडे वळतात कारण तिथली जमीन संपादन करावी लागत नाही, मालक भांडायला येत नाही. म्हणजे स्वस्ताईचे कारण एवढेच की किंमत मोजणारा बोलू शकत नाही. आणि तो बोलत नसला तरी पाणी बोलते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांत शिरलेले पाणी आपली जुनी जागा शोधत आले होते.

तिसरा आक्षेप नदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा असतो, म्हणून तो काळजीने ऐकायला हवा. लोक नदीकडे पाठ फिरवून बसले आहेत. काठ सुंदर करा, चालायला वाट द्या, लोक आले की अतिक्रमण थांबेल आणि नदीला वाली मिळेल. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालेल्या, सुमारे ४४ किलोमीटरच्या पुण्याच्या नदीकाठ विकास प्रकल्पामागे हाच विचार सांगितला जातो आणि डोळ्यांपुढे साबरमती असते. लोकांनी नदीजवळ यावे, यात चूक काहीच नाही. पण अहमदाबादमध्ये जे झाले ते नीट पाहिले पाहिजे. तिथे वाळूच्या रुंद, हंगामी पात्राला साधारण २६३ मीटरच्या एकसारख्या रुंदीत बसवले आणि नर्मदेच्या कालव्याचे पाणी त्यात भरून ठेवले. ते शहरातले सरोवर झाले. मुळा-मुठा खडकाळ आहे, माथ्यावर धरणे आहेत आणि पावसाळ्यात त्यांचे दरवाजे उघडावेच लागतात. तिच्याकडे पसरायला जागा नसेल तर पुराची उंची वाढणार. येरवड्याच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याच्या परिसरात उरलेल्या झाडी-दलदलीला तर ‘सुशोभीकरण’ हा शब्दच लागू पडत नाही, कारण तिचा उपयोग तिच्या अस्ताव्यस्तपणातच आहे. दुसरा मार्ग आहे आणि तो नवाही नाही. म्युनिकने २००० ते २०११ या काळात ईसार नदीच्या सुमारे ८ किलोमीटरमध्ये पूर्वी बांधून काढलेले काठ मोकळे केले, पात्र रुंद केले, खडीची बेटे पुन्हा घडू दिली. तिथे पूरसुरक्षा वाढली, मासे आले आणि उन्हाळ्यात माणसेही त्याच खडीवर येऊन बसतात. लोक, पूर आणि मासा यांपैकी एकाला निवडायची सक्ती नदी करत नाही. ती सक्ती भिंत करते.

एक चौथे उत्तरही दिले जाते: मासे कमी झाले तर बोटुकली सोडू. खुद्रीच्या बाबतीत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास होते आणि तिथली पिल्ले देशभर गेली. हे काम कौतुकाचेच. जागतिक यादीत हा मासा आता संकटग्रस्त राहिलेला नाही. पण त्याच पिल्लांची एक शाखा कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडाचा महाशीर अस्ताला जाण्यामागे हा पाहुणा असल्याचा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे एकीकडे यादीत मासा वाचतो, दुसरीकडे दुसऱ्या नदीचा मासा जातो, आणि ज्या मुळा-मुठेतून तो शास्त्रात गेला ती तशीच राहते. हौदात जीव वाढवता येतो, पण खळाळ, काठ आणि ओढा हौदात वाढत नाहीत.

कायदा या बाबतीत काय पाहतो, हे पुढील लेखांत सविस्तर येईल. इथे एकच गोष्ट नोंदवतो. पानशेत १९६१ मध्ये फुटल्याची आठवण ज्या शहराला आहे त्या शहरात पूररेषा हा शब्द सर्वांना कळतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पात्रात काही उभारायचे झाले, की वाद या रेषांभोवती फिरतो. मुठेच्या पात्रातून गेलेल्या मेट्रोच्या खांबांबाबत हरित न्यायाधिकरणापुढे जो वाद झाला, त्यातही पाणी किती चढेल हा प्रश्न मध्यभागी होता. प्रश्न योग्यच आहे, पण अपुरा आहे. दोन्ही रेषा पाणी माणसाला कितीदा गाठेल एवढेच मोजतात. एखाद्या बांधकामाने पाणी एक बोटही चढले नाही, तरी कासवाची अंड्यांची जागा जाऊ शकते, ओढ्याचे तोंड बंद होऊ शकते, शेवटचा खळाळ तळ्यात बुडू शकतो. त्यासाठी आपल्या नकाशावर रेषाच नाही. पुढचे लेख वाचताना वाचकाने ही तिसरी रेषा मनात आखत जावे. काठावरच्या प्रत्येक कामाला तीन साधे प्रश्न विचारावेत: इथली धार दगडांवरून वाहत राहील का? पाण्यातून निघालेल्या कासवाला मातीपर्यंत चालत जाता येईल का? ओढ्याचे तोंड माशाला उघडे राहील का? तिन्ही उत्तरे ‘हो’ येत असतील तर ते काम करायला हरकत नसावी. आणि एखादे ‘नाही’ असेल, तर त्या कामाला निदान अतिक्रमण म्हणायला आपण शिकू, मग त्यावर कितीही सह्या-शिक्के असोत.